फीच्या कागदामागे पाच रकाने आखणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

पुढच्या आठवड्यात तुम्ही इंदूर सोडून मुलाकडे पुण्याला राहायला निघालात. दर रविवारी सकाळी टेबल मांडून घराघरांना फीसचे कागद समजावून देणाऱ्या तुम्ही, निरोप समारंभ नको, शाल-श्रीफळ तर मुळीच नको, असं बजावलंत. पत्र नको असं काही म्हणाला नव्हतात, म्हणून हे पत्र. आणि ते सगळ्यांसमोर, कारण यातला बराचसा मजकूर यंदा फीस भरायला निघालेल्या घरांच्या उपयोगाचा आहे.

पहिले आभार त्या पाच रकान्यांचे. कॉलेजनं दिलेल्या कागदावर शेवटी एकच आकडा ठळक असतो आणि आई-बाप तोच धरून बसतात. तुम्ही कागद उलटा करायचात, फुटपट्टी ठेवून पाच रकाने आखायचात: सरकार, कॉलेज, घर, मूल आणि केव्हा. मग ट्यूशन, डेव्हलपमेंट, परीक्षा, लायब्ररी, कॉशन मनी, होस्टेल, मेस, बस अशी एकेक ओळ घ्यायची आणि तिची रक्कम कुठल्या रकान्यात जाते ते पेन्सिलीनं लिहायचं. ‘फीस परवडत नाही’ हे वाक्य तुमच्या टेबलावर चालायचं नाही. कुठली ओळ परवडत नाही ते सांगा, असं तुमचं म्हणणं. कॉशन मनी परत मिळणारी रक्कम आहे, ती खर्चात धरायची नाही आणि तिची पावती वेगळी घ्यायची, हे त्या रकान्यांमुळेच लोकांच्या लक्षात यायला लागलं.

सरकारच्या रकान्यात आपल्याकडे सगळ्यात मोठी नोंद हुशार मुलांची फीस भरणाऱ्या, राज्य सरकारच्या मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजनेची. एमपी बोर्डाला 70 टक्के, सीबीएसई किंवा आयसीएसईला 85 टक्के, मध्य प्रदेशचा मूल निवासी दाखला. इंजिनियरिंगसाठी शिवाय जेईई मेनमध्ये दीड लाखाच्या आतला रँक. खासगी इंजिनियरिंग कॉलेजला दीड लाख किंवा खरी फीस, यातलं जे कमी ते मिळतं. उत्पन्नाची मर्यादा बदलत आली आहे, म्हणून मोठ्या भावाच्या वेळचा आकडा धरून चालायचं नाही, त्या वर्षीचा नियम पोर्टलवर वाचायचा. आणि मेस व कॉशन मनी या योजनेत येत नाहीत. धार, खरगोन, बऱ्हाणपूरकडून येऊन इंदुरात भंवरकुआँला खोली घेऊन राहणाऱ्या मुलांचं गणित इथेच चुकतं: ट्यूशन सुटली म्हणून घरचे निश्चिंत होतात, आणि खोलीभाडं, टिफिन, बस हा सगळा बोजा ‘घर’ रकान्यात तसाच उभा असतो.

याच रकान्यात तुम्ही एक उलटी गोष्ट दाखवलीत. नावानं महाग वाटणारी संस्था गरीब घराला स्वस्त पडू शकते. आयआयटीची बी.टेक.ची ट्यूशन फीस 2016 मध्ये वर्षाला 90 हजारांवरून 2 लाखांवर गेली, तेव्हा सिमरोलच्या, म्हणजे आपल्या इंदूरच्या आयआयटीचं नाव काढायलाही लोक घाबरले होते. पण त्याच निर्णयात अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग मुलांना ट्यूशन पूर्ण माफ झाली. बाकीच्यांत घरचं उत्पन्न 1 लाखाच्या आत असेल तर पूर्ण माफी, 1 ते 5 लाखांत असेल तर दोन-तृतीयांश. म्हणजे 2 लाखांतले साधारण 67 हजारच उरतात. आकडा बघून फॉर्मच न भरणारी घरं तुम्ही या एका ओळीवर वळवलीत.

आता नावांचा घोळ. हा खास आपल्या मराठी घरांचा, आणि याबद्दल तुमचे आभार मानावे तितके थोडे. आपण आधारवर नाव तीन पदरी लिहितो: मुलाचं, वडिलांचं, आडनाव. मार्कशीटवर मुलाचं नाव आणि आडनाव एवढंच, वडील वेगळ्या ओळीत. समग्र आयडीत, म्हणजे राज्याच्या कुटुंब-नोंदणीत, जे नोंदणी करणाऱ्याच्या कानावर पडलं ते. आडनावातल्या ‘कर’ची इंग्रजी स्पेलिंग तिन्ही ठिकाणी तीन तऱ्हेची. माणसाला हे एकच नाव दिसतं, पोर्टलला तीन मुलं दिसतात, आणि अर्ज पडताळणीत अडकतो. तुमचा क्रम ठरलेला: मार्कशीट हाच पाया, कारण बोर्डाकडून ती दुरुस्त करून घेणं सगळ्यात अवघड. आधी आधार मार्कशीटप्रमाणे करायचं, मग समग्रची ई-केवायसी, मग बँक आणि शेवटी छात्रवृत्तीचा अर्ज. हाच क्रम उलटा करणारे तीन-तीनदा फेऱ्या मारतात. समग्रचा 8 आकडी नंबर कुटुंबाचा आणि 9 आकडी सदस्याचा, अर्जात मुलाचा 9 आकडी लागतो, हेही लोक आजपर्यंत चुकतात.

नाव जुळलं, अर्ज मंजूर झाला, तरी पैसे येत नाहीत. यामागचं कारण तुम्ही इतक्यांदा समजावलंत की आम्हाला पाठ झालंय. खात्याला आधार ‘जोडलेलं’ असणं वेगळं आणि सरकारी पैशासाठी ‘सीड’ असणं वेगळं. एका आधारवर थेट पैसे एकाच बँकेत जातात, आणि शेवटी जिथे संमती दिली असेल ती बँक लागू होते. पोरगं मोबाइलच्या दुकानात सिमबरोबर एखादं खातं उघडून येतं, नकळत तिथे संमती देतं, आणि छात्रवृत्ती त्या विसरलेल्या खात्यात जाऊन पडते. म्हणून अर्जाआधी आधारच्या वेबसाइटवर बँक सीडिंगची स्थिती काढून तिचा प्रिंट फाइलला लावायचा. दुसरी मेख ‘छोट्या खात्या’ची: कमी कागदपत्रांवर उघडलेल्या अशा खात्यात वर्षभरात 1 लाखाहून जास्त जमा चालत नाही. फीसची मोठी रक्कम आली की ती परत फिरू शकते. मूल 18 वर्षांचं झालं तरी खातं अल्पवयीन मुलाचंच राहिलं असेल, किंवा दोन वर्षांत एकही व्यवहार नसेल, तरीही पैसे अडकू शकतात. आधी पूर्ण केवायसी, खात्यात शंभर रुपये भरून एकदा काढून बघायचे, मग अर्ज.

कॉलेजचा रकाना लोक कोरा सोडतात. तुम्ही सोडू दिला नाहीत. खासगी व्यावसायिक कॉलेजांची फीस आपल्याकडे 2007 च्या कायद्यानं झालेली भोपाळची प्रवेश व शुल्क विनियामक समिती ठरवते, आणि कॉलेजनं घ्यायची ती कमाल रक्कम. खासगी विद्यापीठांसाठी आयोग वेगळा. तेव्हा कागदावर कॉलेजचं नाव आहे की विद्यापीठाचं, हे आधी बघायचं, मग त्या-त्या ठिकाणचा आकडा शेजारी लिहायचा.

प्रवेश सोडल्यावरची परतफेड हा याच रकान्याचा दुसरा भाग. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2018 च्या नियमात प्रवेशाच्या जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेच्या 15 दिवस किंवा त्याहून आधी सोडलं तर पूर्ण फीस परत, कपात फार तर 5 टक्के आणि तीही 5 हजारांपर्यंतच. त्या शेवटच्या पंधरवड्यात सोडलं तर 90 टक्के, तारखेनंतर 15 दिवसांत 80, पुढच्या 15 दिवसांत 50, आणि 30 दिवस उलटले की काही नाही. तांत्रिक अभ्यासक्रमांना एआयसीटीईचं, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेचं, वेळापत्रक वेगळं. पालक हे दिवस पैसे भरल्यापासून मोजतात आणि तिथेच फसतात. काउंटरवर तोंडी सांगून येतात ते आणखी. अर्ज लेखी, ई-मेलनं, तारखेसह. आणि मूळ मार्कशीट अडवून ठेवण्याचा हक्क संस्थेला नाही, हे त्याच अर्जात एका ओळीत.

‘मूल’ या रकान्यावर आमचं तुमच्याशी भांडण व्हायचं. कर्ज म्हणजे मदत, असं आम्ही धरून चाललो होतो. तुम्ही म्हणायचात, कर्ज म्हणजे मुलानंच भरायचं, फक्त उद्या. आणि हिशेब मांडून दाखवायचात. चार वर्षांचा कोर्स, दरवर्षी सुरुवातीला दीड लाख उचल, एकूण 6 लाख, व्याज 10 टक्के. कोर्स आणि त्यापुढचं एक वर्ष हप्ता नाही, पण व्याज थांबत नाही. पहिल्या उचलीवर पाच वर्षांचे 75 हजार, दुसरीवर 60, तिसरीवर 45, चौथीवर 30. सरळव्याजानंसुद्धा 2 लाख 10 हजार. हप्ता सुरू होतो तो 8 लाख 10 हजारांवर: दहा वर्षांत फेडायचं तर महिना सुमारे 10,700 रुपये. हेच व्याज शिकतानाच भरत गेलं, म्हणजे पहिल्या वर्षी महिना 1,250, दुसऱ्या वर्षी 2,500, मग 3,750 आणि शेवटची दोन वर्षं 5,000, तर पुढे हप्ता येतो सुमारे 7,930. शिकताना व्याज भरणाऱ्याला काही बँका दरात 1 टक्का सूटही देतात, पण ती मागावी लागते.

साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला सरकारी हमी निधी आहे, त्या योजनेत तारण लागत नाही आणि तिसऱ्या माणसाचा जामीनही लागत नाही. आई-वडील सहकर्जदार असतात तेवढंच. शाखेत एफडी मागितली तर नकार कारणासह लेखी मागायचा, ही तुमची शिकवण. बहुतेक ठिकाणी एवढ्यावरच बोलण्याचा सूर बदलतो. घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमांना शिकण्याच्या काळातलं आणि पुढच्या एका वर्षाचं व्याज केंद्र सरकार भरतं, म्हणजे वरचे 2 लाख 10 हजार सरकारच्या रकान्यात जातात. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मीत निवडक संस्थांच्या मुलांना 8 लाख उत्पन्नापर्यंत 10 लाखांच्या कर्जावर 3 टक्के व्याजसवलत आहे. आपलं कॉलेज त्या यादीत आहे का, हे प्रवेशाआधी बघायचं. आयकरात शिक्षणकर्जाची सूट फक्त व्याजाला, आठ वर्षं, आणि जुन्या करपद्धतीतच. मामाकडून घेतलेल्या उसनवारीला नाही.

पाचवा रकाना, ‘केव्हा’, हा मात्र निव्वळ तुमचा शोध. छात्रवृत्ती मंजूर असते आणि वर्षअखेरीपर्यंत खात्यात नसते. कॉलेज परीक्षेचा फॉर्म अडवतं. बाप सव्वा-दीड टक्का महिन्यानं पैसे उचलतो. मग त्या वर्षाची फीस कोणी भरली? कागदावर सरकारनं. प्रत्यक्षात बापानं सरकारला बिनव्याजी उधार दिलं आणि स्वतः सावकाराला व्याज भरलं. महिना दीड टक्क्यानं 85 हजारांवर आठ महिन्यांचे 10,200 रुपये होतात, आणि ते कुठल्याच योजनेच्या हिशेबात दिसत नाहीत. तुमचं मत स्पष्ट होतं आणि आता आमचंही तेच आहे: फीस कोणी भरायची यावर वाद घालणाऱ्यांनी आधी ती कोणत्या महिन्यात भरायची ते ठरवावं. सरकारनं ट्यूशन सत्राच्या सुरुवातीला थेट कॉलेजला द्यावी. थोडी कमी दिली तरी चालेल, पण वेळेवर.

या शहरानं पैसे भरणारे बदलताना पाहिलेत. होळकर कॉलेज 1891 चं, ते दरबारानं काढलं. एसजीएसआयटीएसला 1952 मध्ये सेकसरिया घराण्याच्या दानाचा आधार. आणि खंडवा रोडवरच्या विद्यापीठाच्या परिसरात आज कित्येक अभ्यासक्रम सेल्फ-फायनान्स, म्हणजे शिकणाऱ्याच्या घरच्या पैशांवर चालणारे. मधल्या काळात यूजीसीनं नेमलेल्या पुन्नय्या समितीनं विद्यापीठांना आपल्या खर्चाचा आधी 15 आणि दहा वर्षांत 25 टक्के वाटा स्वतः उभा करायला सांगितलं. सुप्रीम कोर्टानं 1993 मध्ये खासगी कॉलेजांत निम्म्या ‘फ्री’ आणि निम्म्या ‘पेमेंट’ जागा ठरवल्या, म्हणजे शेजारच्या बाकावरच्या पोराच्या बापानं तुमच्या पोराची फीस भरायची. 2002 मध्ये ती व्यवस्था मोडली. वाजवी शिल्लक चालेल, नफेखोरी आणि कॅपिटेशन, म्हणजे प्रवेशासाठी घेतलेली देणगी, नको, असं ठरलं. आणि शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या 6 टक्के खर्च करा हे कोठारी आयोगानं 1966 मध्ये सांगितलं, तेच 2020 च्या धोरणात पुन्हा छापलं. या वाक्यावर तुम्ही नुसत्या हसायचात.

तुमची रकान्यांच्या नोंदींची वही आमच्याकडे आहे, कपाटाची किल्ली नेहमीच्या जागी. टेबल दर रविवारी सकाळी लागेल, झेरॉक्सवाल्याशी बोलणं झालंय. एक शंका मात्र तुम्ही निघायच्या आधी सोडवून द्या. शिकतानाचं व्याज आई-वडील महिन्याला भरतात, पण कर्ज मुलाच्या नावावर आहे. अशा ठिकाणी तुम्ही वहीत कुठे ‘घर’ लिहिलंय, कुठे ‘मूल’, आणि तीन ठिकाणी नुसतं प्रश्नचिन्ह. त्या तिघांचे कागद शनिवारी घेऊन येतो.

आपले,
रविवारच्या टेबलावरचे सगळे
इंदूर