केबिनसमोरच्या कॉरिडॉरमधल्या अडथळ्यांमुळे झालेल्या अपघाताबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
प्रवासी तक्रार निवारण विभाग

विषय: कॉरिडॉरमध्ये ठेवलेल्या सामानामुळे आईला झालेली दुखापत आणि सुटकेचा मार्ग अडवला जाणे

महोदय / महोदया,

गेल्या महिन्यात मी आणि माझी ७४ वर्षांची आई आपल्या जहाजावर सात रात्रींच्या सफरीला होतो. पाचव्या दिवशी सकाळी आमच्या केबिनपासून वीस-पंचवीस पावलांवर आई पडली आणि तिच्या उजव्या मनगटाचं हाड मोडलं. याबाबत मी जहाजावरच्या कक्षात तोंडी तक्रार केली आणि घरी आल्यावर ईमेल पाठवला. त्याला आपल्याकडून चार ओळींचं उत्तर आलं. सहप्रवाशांच्या वागणुकीवर कंपनीचं नियंत्रण नसतं, झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत आणि पुढच्या सफरीवर सवलत देऊ, एवढंच त्यात होतं. ही सवलत मला नको आहे. त्या उत्तरातलं पहिलंच वाक्य मला मान्य नाही, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

त्या सकाळी आम्ही नाश्त्याला निघालो होतो. आई पुढे दोन चाकं असलेला वॉकर घेऊन सावकाश चालते. समोरून एक कुटुंब येत होतं, चौघं एका रांगेत. ते बाजूला होईनात म्हणून आई भिंतीकडे सरकली. तिथे एका दाराबाहेर आदल्या रात्रीचे जेवणाचे दोन ट्रे एकावर एक ठेवलेले होते आणि ताटावरचं स्टीलचं गोल झाकण शेजारी गालिच्यावर पडलं होतं. वॉकरचं चाक त्या झाकणात अडकलं आणि वॉकर तिरका झाला. आईने आधारासाठी भिंतीवरच्या कठड्याकडे हात टाकला, पण कठड्यावर कुणीतरी पोहण्याचे ओले कपडे आणि टॉवेल वाळत घातले होते. हाताला लाकूड लागलंच नाही. टॉवेल हातात आला आणि आई त्याच्यासकट खाली गेली. मी तिच्यामागे दोन पावलांवर होते. ती पडल्यावरही तो टॉवेल तिच्या मुठीत घट्ट धरलेला होता. तिला वाटत होतं की आपण कठडाच धरला आहे.

जहाजावरच्या डॉक्टरांनी आणि नर्सनी तिची उत्तम काळजी घेतली, हे आवर्जून सांगते. आमची केबिन सांभाळणारा मुलगा तर रोज दोनदा येऊन तिची चौकशी करत होता. या पत्रामुळे त्याच्यावर किंवा त्याच्या सोबत्यांवर कसलीही कारवाई होऊ नये, अशी माझी स्पष्ट विनंती आहे. त्यांच्या हाताखाली किती केबिन असतात आणि त्यांना किती वेळ मिळतो, ते आम्ही आठवडाभर पाहिलं.

आता सहप्रवाशांच्या वागणुकीबद्दल. ते ट्रे प्रवाशाने बाहेर ठेवले, हे खरं. पण केबिनमधल्या टेबलावर आपणच छापलेलं एक कार्ड असतं. जेवण झाल्यावर ट्रे दाराबाहेर ठेवावा, आमचे कर्मचारी तो घेऊन जातील, असं त्यावर लिहिलेलं आहे. त्या कार्डाचा फोटो सोबत जोडला आहे. म्हणजे तो प्रवासी आपण सांगितलं तसंच वागला होता. रात्री साडेदहाच्या सुमारास मी पाण्यासाठी बाहेर पडले तेव्हा ते ट्रे तिथेच होते आणि सकाळी आठलाही तिथेच होते. मधल्या साडेनऊ तासांत ते कुणी उचलले नाहीत. सूचना आपली आणि उचलण्याचं काम आपलं, तर याला सहप्रवाशांची वागणूक कसं म्हणायचं?

ट्रे हा त्यातला एकच अडथळा. आमच्या मजल्यावर एका केबिनबाहेर बॅटरीवर चालणारी स्कूटर सातही रात्री कॉरिडॉरमध्ये उभी होती आणि तिच्या चार्जिंगची वायर दाराखालून आत गेलेली होती. ज्यांची ती स्कूटर होती त्यांना चालता येत नव्हतं, त्यांची गरज मला पूर्ण समजते. माझ्या आईची गरजही तीच आहे. पण अशी वाहनं केबिनच्या आतच ठेवावीत आणि आतच चार्ज करावीत, असं आपल्याच बुकिंगच्या अटींमध्ये आहे. ती आत मावणार नसेल तर हे बुकिंग घेतानाच कळायला हवं होतं आणि त्या प्रवाशांना रुंद दाराची केबिन द्यायला हवी होती. लहान मुलांच्या घडीच्या गाड्या, रिकाम्या बॅगा, एका दारापाशी तर फुग्यांचा मोठा गुच्छ. एका व्हीलचेअरवरच्या बाईंना स्कूटरपाशी वाट मिळेना, म्हणून त्या उलट फिरून जहाजाच्या दुसऱ्या बाजूच्या कॉरिडॉरने लिफ्टकडे गेलेल्या मी दोनदा पाहिल्या.

रात्रीच्या आवाजाबद्दल मी फार लिहीत नाही. केबिनचं दार आपोआप बंद होणारं आणि जड असतं. बाल्कनीचं दार उघडं असताना ते सोडलं की वाऱ्याच्या झोताने धाडकन आपटतं, अख्खी भिंत हादरते. दार हाताने धरून लावा, एवढी एक सूचना दारावर चिकटवली असती तरी बरंच भागलं असतं. मध्यरात्रीनंतर लिफ्टपाशी रंगणाऱ्या गप्पा आणि दारं ठोठावत पळणारी मुलं, हे आम्ही सहन केलं. झोप मोडली तर दुपारी भरून काढता येते. वाट अडवली असेल तर तिला असा पर्याय नाही. माझी तक्रार मुख्यतः त्या वाटेची आहे.

चौथ्या रात्री, म्हणजे आई पडायच्या आदल्याच रात्री, पावणेतीनच्या सुमारास स्पीकरवरून कर्मचाऱ्यांसाठी सांकेतिक घोषणा झाली. मी दार किलकिलं करून पाहिलं. कॉरिडॉरमध्ये मधेमधे भिंतीत बसवलेली, आग आणि धूर अडवणारी जाड फायर डोअर्स असतात. एरवी ती चुंबकाने उघडी धरलेली असतात आणि गरज पडली की नियंत्रण कक्षातून सोडली जातात, मग आपोआप बंद होतात. ती बंद होताना मी पहिल्यांदाच पाहिली. आमच्या डावीकडचं दार नीट लागलं. उजवीकडचं लागलं नाही, कारण त्याच्या वाटेत चादरी-टॉवेलांची ट्रॉली उभी होती. दार ट्रॉलीला टेकून अर्धवट उघडं राहिलं. एक कर्मचारी धावत आला, त्याने ट्रॉली ओढली आणि मग ते लागलं. सगळ्यांनी जमण्याची खूण असलेला सात लहान आणि एक लांब भोंगा वाजला नाही, म्हणून सुरक्षा सरावात शिकवल्याप्रमाणे आम्ही केबिनमध्येच थांबलो. वीस मिनिटांनी कप्तानांनी सांगितलं की एका पॅन्ट्रीत थोडा धूर झाला होता, आता काही धोका नाही. त्यांनी लगेच माहिती दिली, याबद्दल त्यांचे आभार. पण त्या रात्री धूर आमच्या मजल्यावर असता, तर तो कर्मचारी धावत येईपर्यंत ते दार उघडंच राहिलं असतं. हे आठवलं की अजूनही माझ्या पोटात गोळा येतो.

मी या क्षेत्रातली जाणकार नाही. पण आईच्या हाताला प्लास्टर घातल्यावर मी बरंच वाचलं आणि जे वाचलं त्याने मी जास्तच अस्वस्थ झाले. ७ एप्रिल १९९० च्या पहाटे नॉर्वेहून डेन्मार्कला निघालेल्या स्कँडिनेव्हियन स्टार या जहाजाला आग लागली आणि १५९ माणसं गेली. त्या रात्रीची पहिली आग एका केबिनबाहेर कॉरिडॉरमध्ये पडलेल्या अंथरुणा-पांघरुणांच्या ढिगाला लागली होती. ती विझवली गेली. दुसरी आग दुसऱ्या एका कॉरिडॉरमध्ये लागली आणि ती विझवता आली नाही. माणसं मुख्यतः विषारी धुराने गेली. अनेकांना तर केबिनच्या बाहेरही पडता आलं नाही. त्यानंतर प्रवासी जहाजांसाठीचे आगीबाबतचे आंतरराष्ट्रीय नियम कडक करण्यात आले.

आपल्या कॉरिडॉरमध्ये जमिनीलगत जी चमकणारी पट्टी आहे, ती या नियमांमुळेच आहे. सोलास या सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार ती जमिनीपासून ३० सेंटीमीटरच्या वर असू नये आणि सुटकेच्या संपूर्ण वाटेवर, वळणांवर आणि चौकांतसुद्धा ती दिसली पाहिजे. कारण धूर आधी छताकडे जमतो, वरचे दिवे त्यात दिसेनासे होतात आणि माणसाला वाकून किंवा रांगत जावं लागतं. अशा वेळी डोळ्यांसमोर फक्त ती पट्टी असते. मी घरी आल्यावर मोजपट्टी घेऊन बसले. एकावर एक दोन ट्रे आणि वर झाकण, मुलांच्या गाडीची चाकं, स्कूटरचा खालचा भाग, आडवी ठेवलेली बॅग, हे सगळं बरोबर याच उंचीचं असतं. कॉरिडॉरमध्ये ठेवलेली जवळपास प्रत्येक वस्तू नेमकी ती पट्टी झाकते. सोबतच्या तिसऱ्या फोटोत पाहावं. स्कूटरच्या मागे सुमारे सव्वा मीटर पट्टी दिसतच नाही आणि तिथेच जिन्याकडे जाणारं वळण आहे.

कठड्याचंही तसंच. तो शोभेचा नाही. जहाज हललं किंवा कललं तर पावलापावलाला हाताला आधार मिळावा, म्हणून तो आहे. १३ जानेवारी २०१२ ला कोस्टा कॉन्कॉर्डिया हे प्रवासी जहाज खडकाला धडकून कललं, ३२ जण गेले. ज्यांनी त्या दिवशी जहाजावर पाय ठेवला होता, त्यांचा तोवर सुरक्षा सरावही झालेला नव्हता. पुढे नियम बदलला. १ जानेवारी २०१५ पासून सराव जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणीच घ्यावा लागतो. आपण तो घेतला, आणि नीट घेतला. लाइफ जॅकेट कसं घालायचं, मस्टर स्टेशन, म्हणजे संकटात जमायची जागा, कुठे आहे, सगळं सांगितलं. पण केबिनपासून मस्टर स्टेशनपर्यंतची जी वाट आहे, तिच्यात काही ठेवू नका, तिच्या कठड्यावर काही टांगू नका, हे एका शब्दानेही सांगितलं नाही. मी शेजारच्या केबिनमधल्या बाईंना ओले कपडे काढायला सांगितलं तेव्हा त्या बिचाऱ्या मनापासून चपापल्या. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

प्रवाशांवर नियंत्रण नाही, असं आपण म्हणता. पण बाल्कनीत सिगारेट ओढल्यास दंड होईल, हे आपण बुकिंगच्या वेळी सांगता, केबिनमध्ये लिहिता, स्पीकरवरूनही सांगता. आमच्या सफरीत एकाला तसा दंड झालाही. मला ते योग्यच वाटतं. मार्च २००६ मध्ये जमैकाजवळ स्टार प्रिन्सेस जहाजाला आग लागली, ती एका बाल्कनीत सुरू झाली होती आणि तपासात जळती सिगारेट हे संभाव्य कारण निघालं. एक प्रवासी गेला. म्हणजे जिथे आपण ठरवता, तिथे प्रवासी नियम पाळतात आणि आपण तो पाळून घेता. कॉरिडॉरमध्ये कॅमेरेही आपलेच आहेत. सात रात्री एकाच जागी उभी असलेली स्कूटर त्यांत दिसली नसेल, हे मला पटत नाही.

त्यामुळे माझ्या मागण्या पैशांच्या नाहीत. आईच्या उपचारांचा खर्च प्रवास विम्यातून मिळाला आहे. ट्रे बाहेर ठेवा असं सांगणारं ते कार्ड आपण सगळ्या जहाजांवरून काढून टाकावं. त्याऐवजी फोन करा, आम्ही आतून ट्रे नेतो, असं लिहावं, आणि त्यासाठी रात्रपाळीला माणसं वाढवावीत. असलेल्या माणसांवरच हा भार टाकू नये. फायर डोअर बंद होताना जेवढी जागा घेतं तेवढा भाग जमिनीवर ठळक रंगाने आखावा आणि तिथे ट्रॉलीसुद्धा उभी राहणार नाही अशी व्यवस्था करावी. ट्रॉलीला दुसरी जागाच नसेल, तर ती करून देणं आपलं काम आहे. स्कूटर आणि मुलांच्या गाड्यांची नोंद बुकिंगच्या वेळी घ्यावी आणि पहिल्याच संध्याकाळी त्या आत गेल्या आहेत की नाही हे कुणीतरी फिरून पाहावं. सरावात कॉरिडॉरबद्दल दोन वाक्यं सांगावीत. कठड्यावरचे कपडे दिसले तर कर्मचाऱ्याने ते काढून घ्यायला सांगावं, आणि प्रवासी त्याच्यावर चिडला तर कंपनीने कर्मचाऱ्याच्या पाठीशी उभं राहावं. हे शेवटचं मला फार महत्त्वाचं वाटतं. आमच्या केबिनच्या मुलाने एकदा स्कूटरबद्दल त्या दारी विनंती केली होती आणि त्याला तिथून बरंच ऐकून घ्यावं लागलं होतं.

याशिवाय आईच्या अपघाताचा जो अहवाल जहाजावर लिहिला गेला त्याची प्रत मला मिळावी, आणि चौथ्या रात्रीपासून पाचव्या दिवसाच्या दुपारपर्यंतचं आमच्या कॉरिडॉरचं चित्रीकरण पुसलं जाऊ नये. त्या रात्री फायर डोअर अडलं होतं याची नोंद जहाजाच्या सुरक्षा अधिकाऱ्यांकडे आहे का, हेही लेखी कळवावं.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर हेच पत्र फोटोंसह, जहाजाची नोंदणी ज्या देशात आहे तिथल्या सागरी प्रशासनाकडे मी पाठवेन. तशी वेळ येऊ नये अशी मनापासून इच्छा आहे.

आईचं प्लास्टर अजून तीन आठवड्यांनी निघेल. डाव्या हाताने ती सही करायला शिकते आहे. या पत्राखाली माझ्याबरोबर तिचीही सही आहे. ती थोडी वाकडी आली असली तरी तिचीच आहे.

आपली विश्वासू,
(दोन्ही प्रवाशांच्या सह्या)

सोबत: बुकिंगची पावती, वैद्यकीय कागदपत्रांच्या प्रती, केबिनमधल्या कार्डाचा आणि कॉरिडॉरचे मिळून सहा फोटो, आपल्याकडून आलेल्या ईमेलची प्रत.