रक्तदान शिबिरांतील भेटवस्तू थांबवाव्यात

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

सातपूर औद्योगिक वसाहतीत मी एकतीस वर्षे टर्नर म्हणून नोकरी केली आणि त्या काळात जमेल तसे नियमित रक्तदान केले. गेल्या महिन्यात आमच्या भागातील एका शिबिरात नाव नोंदवायला उभा असताना माझ्यापुढच्या दोन तरुणांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘यंदा काय देणार?’ मंडपात एका बाजूला प्रवासी बॅगा आणि हेल्मेट रचून ठेवली होती. त्या मुलांना मी दोष देत नाही, कारण बाहेरच्या फलकावरच भेटवस्तूचे नाव सर्वांत ठळक होते.

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर, १ जानेवारी १९९८ पासून, पैसे घेऊन रक्त देणे आपल्या देशात बंद झाले. रक्तपेढीने रुग्णाकडून घ्यायचे ते केवळ प्रक्रिया शुल्क, म्हणजे पिशवी, तपासण्या आणि साठवणुकीचा खर्च. रक्ताला किंमत लावायची नाही. मग देणाऱ्याच्या हाती हजार-बाराशेची बॅग ठेवणे हा मोबदला नाही तर काय आहे?

हा प्रश्न केवळ तत्त्वाचा नाही. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस व हिवतापासाठी तपासणी होते. परंतु संसर्ग झाल्यानंतरच्या सुरुवातीच्या काही दिवसांत तो तपासणीत दिसत नाही, आणि त्या दिवसांपुरते रुग्णाचे रक्षण दात्याने अर्जावर दिलेल्या खऱ्या उत्तरांवरच अवलंबून असते. ज्याला काहीच मिळवायचे नाही तो ‘मागच्या आठवड्यात ताप होता’ असे सांगून निर्धास्तपणे परत जातो. बॅगेसाठी आलेल्याला मात्र ते लपवण्याचा मोह होऊ शकतो.

याच ओघात शिबिरांच्या वेळापत्रकाविषयीही लिहिणे भाग आहे. नेत्यांचे वाढदिवस आणि जयंत्यांना एकाच दिवशी ठिकठिकाणी शिबिरे होतात, आणि मे महिन्यात महाविद्यालये बंद व कामगार गावी गेलेले असताना रक्तपेढ्या दाते शोधत असतात. तांबड्या पेशी पिशवीतील द्रावणानुसार ३५ ते ४२ दिवस टिकतात, रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्लेटलेट पेशी तर पाचच दिवस. त्यामुळे एका दिवसाच्या विक्रमी संकलनाने पुढच्या महिन्यांची गरज भागत नाही. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागते. पेठ-सुरगाण्याकडून रात्री नाशिकला आणलेल्या बाळंतिणीची गरज तर कोणत्याच जयंतीची वाट पाहत नाही. पुरुषांना तीन महिन्यांनी आणि स्त्रियांना चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येते. तेव्हा मंडळांनी आपापसांत महिने वाटून घेणे मुळीच अवघड नाही.

रक्तपेढ्यांनीही दात्याशी मोकळेपणाने बोलावे. रुग्णांची गरज भागवून उरलेला प्लाझ्मा, म्हणजे रक्तातील पिवळसर द्रव भाग, औषधनिर्मितीसाठी देता येतो आणि त्यासाठी केंद्र सरकारने २०१५ मध्ये लिटरला १,६०० रुपये दर ठरवला होता, हे किती दात्यांना सांगितले जाते? त्यातून अल्ब्युमिनसारखी आवश्यक औषधे तयार होतात, म्हणून त्याला माझा विरोध नाही. मात्र फुकट दिलेल्या वस्तूचे पुढे काय होते, हे जाणण्याचा हक्क देणाऱ्याला आहे.

कारखान्यात मी ओव्हरटाइमच्या अर्ध्या तासाचाही हिशेब मागत असे, आणि कामगाराने तो मागितलाच पाहिजे. परंतु माझ्या पत्नीला पहिल्या बाळंतपणात दोन बाटल्या रक्त लागले, ते कोणाचे होते हे आम्हांला आजतागायत कळलेले नाही आणि त्या माणसांनाही आम्ही ठाऊक नाही. सगळे व्यवहार नफ्या-तोट्यावर चालणाऱ्या या शहरात एवढी एक देवघेव तरी हिशेबाबाहेर राहावी, असे मला मनापासून वाटते. चहा, बिस्किटे आणि प्रमाणपत्र एवढ्यावर शिबिर उत्तम होते. बॅगांच्या खर्चातून आयोजकांनी आदिवासी पाड्यांवरील रुग्णांच्या नातलगांची येण्या-जाण्याची सोय करावी.

आपल्यालाही एक विनंती आहे. पावसाळ्यात गंगापूर धरणाचा साठा आपण छापता आणि सारे नाशिक तो आकडा वाचून पाण्याचा अंदाज बांधते. सरकारच्या ई-रक्तकोश संकेतस्थळावर रक्तपेढ्यांतील साठा दिसतो. २०२७ च्या सिंहस्थाची तयारी सुरू असताना तो रक्तगटानुसार आठवड्यातून एकदा, शक्यतो सोमवारी, आपल्या अंकात छापावा.

आपला नम्र,
एक निवृत्त कामगार, सातपूर, नाशिक