बाबा घर विसरले नव्हते

चि. पुता,
अनेक आशीर्वाद.

देवळात बाबांची शोकसभा झाली, तिथे शेवटी बोलले ते गृहस्थ म्हणाले, "घरादाराचा विचार न करता त्यांनी गावाचं केलं." लोकांनी माना डोलावल्या. तू खाली बघत बसला होतास. पुण्याला पोचल्यावर फोनवर तू म्हणालास, "आई, बाबा आमच्या वाट्याला कमीच आले." तेव्हा घरात माणसं बसली होती, म्हणून मी काही बोलले नाही. पण हे असंच तुझ्या मनात राहू देणं मला बरं वाटत नाही.

तुझ्या वेळी मला डॉक्टरांनी अंथरुणावरून उठू नको म्हणून सांगितलं होतं. ताई तेव्हा पहिलीत. बाबांची पहिल्या बसची ड्युटी. काळोखातच ते पेज शिजवून ठेवायचे आणि झोपेतल्या ताईला मांडीवर घेऊन तिच्या दोन वेण्या घालायचे. तिला जाग यायची ती केसात अबोलीची फाती माळलेली. हे तुला ठाऊक असायचं कारण नाही, तू पोटात होतास. माझी आई शेवटची वर्षं आपल्याकडे होती. तिची नखं कापणं, तिला न्हाणीपर्यंत धरून नेणं, सगळं जावयाने केलं. घर विसरणारा माणूस असा असतो?

आणि गावाचं करणं ते घरातूनच शिकले होते. 1961 साली गोवा मुक्त झाला, त्यानंतर पहिले मुख्यमंत्री बांदोडकर, त्यांच्या सरकारने खेड्याखेड्यांत मराठी प्राथमिक शाळा काढल्या. आपल्या गावात शाळेला इमारत कुठली? देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे भाविकांना उतरायच्या खोल्यांत, पोरं बसली, त्यांत बाबा होते. मास्तर बाहेरगावचे. त्यांच्या जेवणाचे वार घराघरांनी वाटून घेतले होते, एक वार तुझ्या आजीकडे. घरात तांदूळ बेताचा, तरी त्या दिवशी मास्तरांच्या ताटात भात आधी पडायचा. बाबा म्हणायचे, "मी वाचायला शिकलो ते लोकांनी फुकट केलेल्या कामामुळे." हे ते सभेत कधी बोलले नाहीत. मला सांगायचे, रात्री जेवण झाल्यावर.

कदंब महामंडळाच्या सरकारी बसवर ड्रायव्हर लागल्यावर ते फोंडा-पणजी मार्गावर बरीच वर्षं होते. बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात जाणारी माणसं त्यांच्याच बसने पणजीला उतरायची आणि तिथून दुसरी बस धरायची. खेड्यातली म्हातारी माणसं, हातात एक्स-रेचं भलंमोठं पाकीट, कुठे जायचं ते कळत नाही. बाबा स्टँडवर त्यांना बांबोळीच्या बसमध्ये बसवून कंडक्टरला सांगायचे, "ह्यांना हॉस्पिटलकडे उतरव." सुटीच्या दिवशी स्वतः जाऊन केसपेपर कुठे काढतात, रक्त कुठे तपासतात, हाडांची ओपीडी कुठे, सगळं बघून आले होते. मग शेजारीपाजारी कुणाला नेलं की आपल्या दारात हाक यायचीच.

तिथूनच रक्तदानाचं सुरू झालं. ह्यात त्यांची खरी हुशारी होती, आणि ती कुणी सांगितली नाही म्हणून मला त्या सभेत चुकल्यासारखं झालं. सगळे शिबिरं घेतात, एका दिवशी पन्नास माणसं रक्त देऊन जातात. पण साठवलेलं रक्त पाच-सहा आठवड्यांपलीकडे टिकत नाही, प्लेटलेट्स तर पाचच दिवस. पावसाळ्यात डेंग्यू आला की नेमकी तेव्हा ओढाताण. म्हणून बाबांनी वही केली. नाव, रक्तगट, फोन, आणि शेवटचं रक्त कधी दिलं ती तारीख. पुरुषाला तीन महिने थांबावं लागतं, तेवढे मोजून पुढचा महिना लिहायचा. कोणत्याही महिन्यात चार-पाच जण देण्याजोगे असलेच पाहिजेत, हा त्यांचा हट्ट. पासष्ट पूर्ण झाल्यावर त्यांचं स्वतःचं देणं बंद झालं, त्या दिवशी ते गप्प गप्प होते. 2021 च्या जुलैत म्हादई नदीला पूर आला तेव्हा निवृत्त झालेल्या चार ड्रायव्हरांना घेऊन सत्तरी तालुक्यात लोकांच्या घरांतला चिखल काढायला गेले, ते तुला आठवत असेल.

आणि बंधारा आठवतो? पावसाळा सरला की ओहोळावर माती, बांबू आणि गोणी घालून बंधारा बांधायचे, खालच्या कुळागरांना, म्हणजे माडा-पोफळीच्या बागांना, पाणी राहावं म्हणून. तू सात-आठ वर्षांचा होतास, गुडघाभर पाण्यात उभा राहून गोणीचं तोंड धरायचास. घरी येऊन सांगायचास, "आम्ही बांधला." आमच्या वाट्याला कमी आले म्हणतोस, पण ते जिथे जायचे तिथे तुला नेत होते, पुता. तो वेळ तुझाच होता. सभेतल्या माणसाने तो गावाच्या खात्यात धरला म्हणून तूही तसाच धरू नकोस.

रागावून लिहीत नाही. मलाही ते हवे होते, अजून हवे होते.

आता कामाचं. गेल्या आठवड्यात वाड्यावरची मुलं आली होती, वही मागत होती. पानं सुटी झाली आहेत, पावसात भिजून काही नंबर पुसट झालेत, वही हातात द्यायला माझा जीव होत नाही. तू सगळं फोनवर उतरवून त्यांना पाठव. बाबांचं अक्षर मला लागतं. रविवारी दुपारी फोन कर, मी एकेक नाव वाचते, तू लिहून घे. तुझं नावही आहे त्यात, ओ पॉझिटिव्ह. पुढची तारीख रिकामी आहे.

तुझी,
आई