स्प्राइट टिपायचे तर देशावरच्या ढगांकडे पाहा

परतीच्या पावसात वाचकांनी टिपलेल्या विजांच्या छायाचित्रांत एखादे 'ढगांवरच्या लाल प्रकाशा'चेही असते. तो खरोखर स्प्राइट, म्हणजे वादळी ढगांच्या खूप वर क्षणभर उमटणारी लाल चमक, आहे का, हे ठरवता यावे म्हणून हे पत्र.

स्प्राइट ढगात नसतो. मोठ्या वादळी ढगातून धन भाराची जबर वीज जमिनीवर पडली की ढगाच्या वर विद्युतक्षेत्र एकदम वाढते, आणि ७०-७५ किलोमीटरवरच्या विरळ हवेला ते पेलत नाही. तिथल्या नायट्रोजनची लाल चमक साधारण ५० ते ९० किलोमीटर उंचीवर दिसते आणि काही मिलिसेकंदांत विझते. १९८९ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांच्या कॅमेऱ्यात ती पहिल्यांदा आली.

म्हणून डोक्यावर गडगडत असताना स्प्राइट शोधणे व्यर्थ, आणि तेव्हा उघड्या सड्यावर उभे राहणे जिवावरचे. आपल्याकडे चांदणे नसलेली निरभ्र रात्र आणि पाऊस देशावर, असा योग हवा. रत्नागिरीहून सोलापूर सरळ रेषेत सुमारे २८५ किलोमीटर. तिथल्या ढगाचा माथा पृथ्वीच्या गोलाईमुळे क्षितिजाच्या जेमतेम दोन अंश वर येतो. सह्याद्रीच्या कडेवर नुसता लखलखाट दिसतो. स्प्राइट मात्र ९ ते १६ अंशांवर उमटतो. हात लांब करून धरलेली मूठ १० अंशांची, त्यावरून अंदाज घ्यावा.

क्रॉप (लहान) सेन्सरच्या कॅमेऱ्याला ३५ मिमीची लेन्स पुरते. क्षितिज चौकटीच्या तळाशी ठेवावे. अ‍ॅपर्चर एफ १.८, आयएसओ ३२००, फोकस ताऱ्यावर हाताने, आणि एकेक-दोन सेकंदांचे फोटो सलग. एक्स्पोजर वाढवून स्प्राइट उजळत नाही, कारण तो केव्हाच विझलेला असतो. फक्त मागचे आभाळ पांढुरके होते. 'लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन' बंदच ठेवावे, नाहीतर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तितकाच वेळ आंधळा राहतो. खाऱ्या वाऱ्याने लेन्सवर धरलेला पापुद्रा ती फिकट लाली गिळतो. कोरड्या कापडाने घासल्यास मिठाचे कण काचेवर ओरखडे काढतात, म्हणून कापड आधी ओलसर करावे.

लखलखाट मंदावला म्हणून कॅमेरा आवरू नये, ही आमची कळकळीची सूचना. वादळाचा जोर ओसरल्यावर मागे पसरलेल्या थरातून विजा कमी पडतात, पण धन भाराच्या जबर विजा बहुधा तिथूनच येतात.

एकाच जागी पुन्हा पुन्हा दिसणारा लाल ठिपका मोबाइल टॉवरचा. स्प्राइट एकाच फोटोत येतो. सुरुवातीला आणि शेवटी मोबाइलवरचे सेकंदासह घड्याळ कॅमेऱ्याने टिपून ठेवावे. त्यावरून फोटोची नेमकी वेळ काढून ती पुण्याच्या आयआयटीएम (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था) सारख्या संस्थांच्या वीज-नोंदींशी ताडून पाहता येते.

संपादक महोदय, असे छायाचित्र छापताना ठिकाण, दिशा, सेकंदापर्यंतची वेळ आणि लेन्स ही माहितीही छापावी, आणि न कापलेली मूळ फाइल मागून घ्यावी, ही विनंती.

— काही आकाशनिरीक्षक, रत्नागिरी