‘किल्ला’ आणि आमचा पहिला पावसाळा

संपादक महोदय,

अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ हा चित्रपट २०१५ साली प्रदर्शित झाला, पण मी तो परवा भरपावसात, लेकाच्या मोबाइलवर पाहिला. (आमच्या गावात थिएटर कुठलं!) वडील गेल्यावर आईच्या बदलीमुळे पुणं सोडून कोकणात आलेला अकरा वर्षांचा चिन्मय आणि सरकारी नोकरीतली त्याची आई, एवढीच गोष्ट.

यजमान गेल्यावर मीही अशीच बदली होऊन इकडे आले. पदरात सात वर्षांचा मुलगा. भाड्याच्या खोलीची कौलं गळायची. रात्री पातेली मांडून झोपायचं आणि टपटप आवाजावरून कुठलं भरलं ते ओळखायचं. युनिफॉर्म वाळायचा नाही म्हणून सकाळी तव्यावर धरायचा. त्यात एक बाही करपली, तर तो दिवसभर हात मागे धरून वर्गात बसला. माझ्याशी महिनाभर धड बोलला नाही. एके दिवशी घरमालकिणीच्या नातवाबरोबर चिखलाने माखून, कुर्ल्यांची पिशवी घेऊन आला आणि म्हणाला, ‘आई, रस्सा कर.’ मला कुर्ल्या साफ करता येत नव्हत्या. शेवटी घरमालकीण काकूंनीच केल्या.

अमृता सुभाष यांनी साकारलेली आई फारसं रडत नाही, हे मला सगळ्यात खरं वाटलं. रडायला वेळ कुठे असतो? किल्ल्यावर पावसात एकटा पडलेला चिन्मय पाहताना मात्र लेकाने मोबाइल माझ्या हातात दिला आणि तो पडवीत जाऊन उभा राहिला.

– एक निवृत्त कर्मचारी, गुहागर