दंडापेक्षा खालच्या कोर्टाकडे पाहा

महोदय,

युरोपीय संघाने एखाद्या सदस्य देशाला दंड केल्याची बातमी आली की ‘ज्यांच्याकडे पोलीस नाहीत, त्यांचा कायदा कोण पाळणार?’ हा प्रश्न हटकून निघतो. मी २७ वर्षे आंतरराष्ट्रीय कायदा शिकवला. वर्गात दरवर्षी पहिला हात याच प्रश्नासाठी वर व्हायचा.

दंड मोठे असतात हे खरे. जून २०२४ मध्ये लक्झेंबर्गच्या न्यायालयाने, म्हणजे युरोपीय संघाच्या सर्वोच्च न्यायालयाने, हंगेरीला २० कोटी युरो आणि वर दररोज १० लाख युरो ठोठावले. आश्रय मागणाऱ्या परदेशी लोकांबद्दलचा या न्यायालयाचा आधीचा निकाल हंगेरीने पाळला नव्हता. पण तिथवर पोहोचायला फार वेळ जातो. आधी युरोपीय आयोगाची (संघाच्या कार्यकारी यंत्रणेची) नोटीस, मग नियम कुठे मोडला हे सांगणारे आयोगाचे सकारण मत, मग खटला आणि निकाल धाब्यावर बसवला तर दंडासाठी पुन्हा खटला. क्रीट बेटावर कुरुपितोस नदीच्या मुखाशी कचरा टाकला जातो, ही तक्रार १९८७ची. ग्रीस खटला हरला १९९२ला. रोज २०,००० युरोचा दंड लागला २००० साली. तेरा वर्षे!

म्हणून मी विद्यार्थ्यांना आधी एका वीजबिलाची गोष्ट सांगायचे. १,९२५ लिरांचे बिल. इटलीने १९६२ मध्ये वीज उद्योगाचे राष्ट्रीयीकरण केले. मिलानचे वकील फ्लामिनियो कोस्टा यांचे त्यातल्या एका कंपनीत शेअर होते. त्यांनी बिल भरायला नकार दिला; राष्ट्रीयीकरण युरोपीय कराराविरुद्ध आहे, असे त्यांचे म्हणणे. किरकोळ दावे ऐकणाऱ्या तिथल्या न्यायाधीशाने युरोपीय कराराचा अर्थ काय, असा प्रश्न सरळ लक्झेंबर्गच्या न्यायालयाला पाठवला. असा प्रश्न विचारताच येत नाही, असा इटली सरकारचा आक्षेप होता. न्यायालयाने तो फेटाळला आणि १५ जुलै १९६४ रोजी सांगितले, की सदस्य देशाचा नंतरचा कायदा सर्व सदस्य देशांच्या सामाईक युरोपीय कायद्यावर मात करू शकत नाही. मला आजही हा निकाल वाचताना भरून येते.

पोलीस नसलेल्या संघाचा खरा पहारा हा आहे: सदस्य देशातला साधा न्यायाधीश लक्झेंबर्गला प्रश्न विचारतो आणि उत्तर आपल्याच देशाला लागू करतो. आणि म्हणूनच पोलंडचे प्रकरण मला हंगेरीपेक्षा गंभीर वाटते. लक्झेंबर्गला प्रश्न पाठवल्याबद्दल न्यायाधीशांवरच शिस्तभंगाची कारवाई होऊ शकेल, अशी व्यवस्था तिथे केली गेली होती. अशी कारवाई करणाऱ्या शिस्तभंग कक्षाचे काम थांबवण्याचा लक्झेंबर्गचा आदेश न पाळल्यामुळे ऑक्टोबर २०२१ मध्ये रोज १० लाख युरोचा दंड लागला. थकलेली रक्कम आयोगाने पोलंडला संघाकडून मिळणाऱ्या निधीतून वळती करून घेतली. बातम्यांत ती रक्कमच गाजली.

विनंती एवढीच, पुढच्या वेळी दंडाचा आकडा छापताना त्या देशातल्या साध्या न्यायाधीशाला लक्झेंबर्गला निर्धास्तपणे प्रश्न पाठवता येतो का, हेही छापा.

— एक निवृत्त प्राध्यापिका