कुरियन यांचा वारसा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२६ नोव्हेंबर हा ‘अमूल’चे शिल्पकार डॉ. व्हर्गिस कुरियन यांचा जन्मदिवस राष्ट्रीय दुग्धदिन म्हणून पाळला जातो आणि त्या सुमारास देशातील दूध उत्पादनाचे आकडे सगळीकडे छापून येतात. ते आकडे अभिमान वाटावा असेच आहेत. परंतु सांगली जिल्ह्यातील एका गावच्या दूध संस्थेत तीसेक वर्षे सचिव म्हणून काम केलेल्या माझ्यासारख्याला कुरियन आठवतात ते निराळ्या कारणाने. ते आपल्या वाचकांपुढे मांडावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

कोझिकोडला १९२१ साली जन्मलेले कुरियन सरकारी शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून आले आणि त्या शिष्यवृत्तीच्या करारापोटी १३ मे १९४९ रोजी आजच्या गुजरातमधील आणंदच्या सरकारी डेअरीत रुजू झाले. अविवाहित, ख्रिस्ती आणि मांसाहारी अशा या परक्या माणसाला गावात कोणी घर देईना, तेव्हा त्यांनी एका गॅरेजमध्ये बिऱ्हाड केले. करारातून मोकळे झाल्यावर ते निघून जाणार हे ठरल्यासारखेच होते. पण शेजारीच खेडा जिल्ह्यातील दूध उत्पादकांचा सहकारी संघ, म्हणजे पुढचा ‘अमूल’, जुन्या यंत्रांशी झगडत होता. संघाचे अध्यक्ष त्रिभुवनदास पटेल यांनी थोडे दिवस थांबण्याची विनंती केली आणि ते थोडे दिवस जन्मभर पुरले.

हा इतिहास आपल्याला परका नाही. १९६० पर्यंत खेडा आणि मुंबई एकाच राज्यात होते आणि मुंबईच्या घरांत खेडा जिल्ह्यातील म्हशींचे दूध जात होते. ते दूध गोळा करण्याचा मक्ता सरकारने एका खासगी डेअरीला दिला, तेव्हा सरदार पटेलांच्या सल्ल्याने शेतकऱ्यांनी १९४६ मध्ये पंधरा दिवस दुधाचा थेंबही घातला नाही आणि त्या लढ्यातूनच हा संघ उभा राहिला. पुढे पुष्ट काळात, म्हणजे हिवाळ्यात दुधाला पूर येई तेव्हा, मुंबईला सगळे दूध घेता येईना. उरलेल्या दुधाची भुकटी करावी, तर म्हशीच्या दुधाची भुकटी होतच नाही असे परदेशी तज्ज्ञ सांगत. कुरियन यांचे सहकारी ह. म. दलाया यांनी ती करून दाखवली आणि ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते आणंदच्या कारखान्याचे उद्घाटन झाले. कुरियन यांचे मोठेपण सांगताना दलाया आणि त्रिभुवनदास यांना वगळणे मला अन्यायाचे वाटते.

मात्र या सगळ्याहून मोठी गोष्ट मला संकलन केंद्रावर दिसली. पहाटे पाच वाजता कंदिलाच्या उजेडात किटली घेऊन आलेली बाई दूध मापून घालते, त्यातला नमुना नळीत जातो, त्यात आम्ल पडते, यंत्र फिरते आणि नळीच्या मानेवर पिवळसर रेघ उभी राहते. ‘किती फॅट लागली?’ एवढेच ती विचारते आणि त्या रेघेवर तिचा दर ठरतो. रांगेत सरपंचाची किटली पुढे असो वा भूमिहीन विधवेची, नळी दोघींना एकाच मापाने मोजते. खेडा जिल्ह्यात तर सकाळच्या दुधाचे पैसे संध्याकाळी आणि संध्याकाळच्या दुधाचे सकाळी हातात पडण्याची रीत होती. आमच्याकडे दहा दिवसांच्या बिलासाठीही बायकांना किती खेपा घालाव्या लागल्या, हे मी या डोळ्यांनी पाहिले आहे.

कुरियन स्वतःला शेतकऱ्यांचा नोकर म्हणवून घेत. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ १९६५ मध्ये स्थापन झाले, तेव्हा त्याचे मुख्यालय दिल्लीऐवजी आणंदला असावे असा त्यांचा आग्रह होता आणि तो त्यांनी खरा करून घेतला. पत्नी मॉली आणि एकुलती एक मुलगी निर्मला यांच्यासह त्यांचा संसार त्याच लहानशा गावात झाला. वडील म्हणून त्यांचे हे वागणे मला फार मोलाचे वाटते. लाखो शेतकऱ्यांच्या दुधावर उभा राहिलेला एवढा मोठा व्याप हाताशी असताना त्यांनी तो घरचा मानला नाही आणि मुलीला त्याची वारसदार केले नाही. आपल्याकडील अनेक दूध संघांत वडिलांची खुर्ची मुलाकडे आणि मुलाची सुनेकडे जाते. तिथे हे मुद्दाम सांगावे लागते.

त्यांचा स्वभाव हेकट होता, हे त्यांना मानणारेही कबूल करतात. जिल्हा दूध संघांच्या प्रतिनिधींशी मतभेद विकोपाला गेले आणि २००६ मध्ये त्यांनी गुजरात सहकारी दूध महासंघाचे अध्यक्षपद सोडले. तो शेवट कडू होता आणि मला त्याचे वाईट वाटते. तरी ज्या संस्थेत निर्मात्यालाही सभासदांच्या मतापुढे बाजूला व्हावे लागते, ती संस्था खऱ्या अर्थाने सभासदांची झालेली असते. ९ सप्टेंबर २०१२ रोजी नडियादला त्यांचे निधन झाले.

आमच्या संस्थेच्या खोलीत त्यांचा एक चौकटीतला फोटो होता. मी निवृत्त झाल्यानंतर तो उतरवून त्या खिळ्यावर संघाच्या पदाधिकाऱ्यांचा आणि त्यांच्या चिरंजीवांचा एकत्र फोटो लावला गेला. उतरवलेला फोटो मी पुसून घरी ठेवला आहे. संस्थेने मागितला, तर त्याच दिवशी स्वतः नेऊन देईन.

आपला,
एक निवृत्त दूध संस्था सचिव,
जिल्हा सांगली